वैनीचं बारावं वाक्य

मशीनला पाय लावणाऱ्या माणसाशी चाचा आठ दिवस बोलत नसत. चुकून लागला तरी नाही. नवव्या दिवशी स्वतःच जाऊन म्हणायचे, "झालं का मन साफ? चल, च्या पाज." एकदा खुद्द मालकांनी चिडून ड्रिलला लाथ घातली, तर चाचांनी मालकांशीही अबोला धरला. मालक काम सांगायचे, चाचा काम करायचे, पण तोंडातून हूं का चूं नाही. शेवटी मालकच वैतागले, "च्या मायला, कारखाना माझा हाय का ह्यांचा?"

कारखाना म्हणजे शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतली एक मध्यम शेड. ॲल्युमिनियमचे पंपाचे भाग ओतायचे, त्यांच्या कडा छाटायच्या, भोकं पाडायची आणि पाठवून द्यायचे. मी तिथं क्वालिटीत होते. नुकताच डिप्लोमा झालेला, गडमुडशिंगीहून स्कूटीवर यायची, आणि शॉपवर साठ पुरुषांत मी एकटी बाई. चाचा मेंटेनन्सचे मिस्त्री. मंगळवार पेठेतलं घर, दुरुस्तीचं काम तीन पिढ्यांचं. "आजा कुलपं दुरुस्त करायचा, बाप शिलाई मशिनी, आन मी ही धुडं," असं सांगायचे.

त्यांच्या निळ्या शर्टाच्या खिशात लाल पाठीची एक वही असायची आणि कानावर पेन्सिल. वहीत प्रत्येक मशीनचं पान. पण लिहिणं असं, की वाचणाऱ्याला वाटावं दवाखान्यातले कागद आहेत. "ड्रिल नंबर दोन. घसा बसला. तेल दिलं. दुपारनंतर आराम." कुठल्याही मशीनचा आवाज बदलला की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. सगळं शॉप धडधडत असताना हा माणूस मधोमध नमाजाला उभा असल्यासारखा शांत. मग डोळे उघडून सांगायचे, अमुक छर्रा फुटलाय. उघडल्यावर तोच फुटलेला निघायचा.

"मशीन खोटं बोलत न्हाय ताई," मला म्हणायचे. "माणूस अर्धं ऐकतो."

हे सगळं हसत हसत सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मग ती प्रेस आली.

कडा छाटायची प्रेस, कोरियातून आलेली, जुनी. मालकांनी मुंबईच्या दलालाकडून घेतली. प्रवासात तिची स्क्रीन फुटली होती, ती दुरुस्त झाली पण नुसते आकडे दाखवायची. माहितीचं पुस्तक आलंच नाही. आणि ती बोलायची. चालू केली की एका बाईच्या मऊ आवाजात कोरियनमध्ये काहीतरी, बंद केली की काहीतरी, मधेच अडली की आणखी काहीतरी. दलालाला फोन केला तर तो म्हणाला, आवाजाकडं लक्ष देऊ नका, नुसती बडबड असते.

प्रेसवर माणूस होता पैलवान. आमच्याच गावचा. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारलेला, कान मोडलेले, आता चाळिशी ओलांडून पोट सुटलेलं. पंजा मात्र तसाच होता. माझी दोन हातांची ओंजळ त्याच्या एका तळहातावर बसली असती. पहिल्याच दिवशी त्यानं तिचं बारसं केलं. "लै गोड बोलती की! आमच्या थोरल्या वैनीगत. ती शिव्या बी अशाच गोड देती." तेव्हापासून प्रेसचं नाव वैनी.

सगळे हसले, चाचा हसले नाहीत. दुपारी माझ्याकडं आले.

"ताई, ती बोलतीया आन आपण नुसतं हसतोय. हे बरं न्हवं. ती काय म्हणतीया ते कळाय पायजे."

"दलाल म्हणाला ना बडबड आहे."

"बडबड माणसं करत्यात. मशीनला कुणी बोलाय लावलं आसंल तर उगंच न्हाय लावलं."

ही प्रेस हात खाणारी वस्तू. म्हणून तिच्या समोर दोन्ही बाजूंना दोन खांब होते आणि त्यांतून अदृश्य किरण एकमेकांकडं जायचे. मधे हात आला की प्रेस वरच्या वर थांबायची. आम्ही त्याला पडदा म्हणायचो. चाचा रोज सकाळी पडद्यात काठी घालून बघायचे, थांबते का. पुढं पैलवान त्यांना चिडवायला लागला, "चाचा, काठी कशाला? काय बिघडलं तर वैनी सांगंल की!" आणि चाचांना ते पटलं. ज्याला मशीनच्या शब्दावर इतका विश्वास, त्याला ते पटणारच. काठी कपाटात गेली. शब्द मात्र कळायचे बाकी होते.

मी चाचांना सांगितलं, मोबाईलवर भाषा शिकवणारी ॲपं असतात. तीन काढून दिली. चाचांनी ती बाजारात म्हैस बघावी तशी बघितली. आठ दिवस घेतले. प्रत्येकाला मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं आणि बघायचं काय म्हणतंय. मधेच बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, कालचं आठवतंय का. मोबाईल प्रेसच्या खांबाला टेकवून दोन्ही आवाज ऐकायचे. सगळं वहीत एका पानावर, तीन रकाने आखून.

पहिल्यात एक खार होती. बरोबर उत्तर दिलं की नाचायची, चुकलं की रडायची, आणि दोन्ही वेळी वाजंत्री. चाचांनी दोन दिवसांत ते काढून टाकलं. "चुकलं तरी वाजतंय, बरोबर आलं तरी वाजतंय. ह्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

दुसरं देखणं होतं. पांढरं स्वच्छ, एक शिक्षिका शांतपणे बोलायची. आधी नमस्कार, मग तुमचं नाव काय, मग भेटून आनंद झाला. आवाजही थेट वैनीसारखा. सगळं इंग्रजीतून.

तिसरं म्हणजे नुसता अवतार. कोरियातल्या कारखान्यांत मजुरीला जाणाऱ्यांसाठी कुणीतरी बनवलेलं. पिवळ्यावर लाल अक्षरं, दर दोन मिनिटांनी जाहिरात, लोकांनी दिलेले तारे जेमतेम अडीच. शिकवणं हिंदीतून. पहिला धडा उघडला तर एक बाप्या खेकसला, "रुको! हाथ हटाओ! ख़तरा!" चाचांच्या हातातून मोबाईल पडता पडता राहिला.

"तौबा! पहिल्याच दिवशी अंगावर? आधी सलाम, मग काम." मग म्हणाले, "पर ह्यात हिंदी हाय. माझं मला वाचता येतंय. इंग्रजीचं मला काय कळतंय? तू शिकलेली हायस. तू सांग."

मी सांगितलं, दुसरं घ्या. चहा पिता पिता सांगितलं. त्याला पावणेपाच तारे आहेत, ते पिवळं भंगार आहे.

ताऱ्यांचं खरं होतं, पण ते खरं कारण नव्हतं. साठ पुरुषांत मी डबा एकटी खायची. माझ्या केबिनमध्ये कुणी बसायला यायचं नाही आणि मला बाहेर त्यांच्यात बसता यायचं नाही. इंग्रजीतलं ॲप घेतलं म्हणजे चाचांना रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडं यावं लागणार होतं. आलेही. मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची, चाचा देवनागरीत उतरवून घ्यायचे. त्यांच्या डब्यातली खिम्याची भाजी मला, माझी भाकरी त्यांना. माझ्या नोकरीतले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे मी लाज सोडून सांगते.

चाचा शिकले ते त्यांच्या पद्धतीनं. सकाळी शॉपवर आल्यावर प्रेससमोर वाकून "आन्न्योंग हासेयो" म्हणायचे, आणि नंतर बाकीच्यांना सलाम. पैलवान तर चहावाल्याला "कामसाहामनिदा" म्हणायला लागला. चहावाला म्हणायचा, "पैलवान, शिवी दिली का काय?" पैलवान म्हणायचा, "आभार मानलं रं येड्या, परदेशी हायत, जपून ठेव."

आम्ही वैनीची वाक्यं मोजली. अकरा होती. काही शब्द धड्यांतून कळले, काही प्रेसच्या वागण्यावरून. तेल कमी झालं की बोलायची ते वाक्य, मागचं दार उघडं राहिलं की बोलायची ते. अकरांपैकी नऊ चाचांनी पकडली. मी त्यांना एकदा सांगितलं, एवढी खटपट कशाला, मोबाईलला नुसतं ऐकवलं तर तो भाषांतर करून देतो. जेवणाच्या सुट्टीत करून बघितलं. पण सुट्टीतही कॉम्प्रेसर चालू असायचा, भट्टीचा पंखा चालू असायचा. त्या गोंगाटात मोबाईलनं लिहून दिलं, "मावशीची छत्री कोबीत राहिली." शॉपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. चाचा म्हणाले, "नगं ते उष्टं. आपण रांधून खाऊ."

खंडेनवमीपर्यंत आमचे तेवीस धडे झाले होते.

खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक मशीन धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून सजवतात. हे सगळीकडंच असतं. पण आमच्या कारखान्यात मालकांच्या वडिलांपासूनची एक रीत होती. आरती झाली की प्रत्येक मशीनवर हार तसाच ठेवून मालकांनी एक ठोका काढायचा. हार न काढता. त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. चाचा त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन अवजारं मांडायचे, नारळ त्यांनीच आणलेले असायचे.

वैनीचा पहिलाच दसरा. पैलवाननं हौसेनं झेंडूचा मोठा हार आणला आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तोरणासारखा बांधला. बरोबर पडद्याच्या मधे. मालकांनी बटण दाबलं, प्रेस हलेना. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. पाहुणे उभे, भटजी उभे. मालकांच्या तोंडाचा रंग उतरला.

"चाचा, बघा की! मुहूर्ताला आडली तर वर्षभर आडंल."

"हार काढावा लागंल मालक. हाराला ती हात समजतीया."

"हार न्हाय निघायचा. दुसरं काय बी करा."

चाचांनी प्रेसच्या कुशीतली पडदा बंद करायची चावी फिरवली. प्रेसनं ठोका दिला, टाळ्या पडल्या, पेढे वाटले.

दसऱ्याची सुट्टी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी स्वतः हार उतरवला, झेंडूची एकेक पाकळी खांबांवरून पुसली आणि चावी पहिल्यासारखी फिरवली. खांबांवरचे हिरवे दिवे लागले. आमच्या रोजच्या तपासणीच्या कागदावर 'पडदा चालू' असा एक रकाना होता. दिवे दिसले की मी तिथं टिक करायची. मी टिक केली.

पैलवाननं प्रेस चालू केली आणि वैनी बोलली. नेहमीचं बोलली, आणि त्याच्या पाठोपाठ एक नवीन वाक्य. आजवर कधी न ऐकलेलं. "आन्जन जांगची" अशी त्याची सुरुवात होती, पुढचं लांबलचक. शॉपवरची माणसं गोळा झाली. पैलवाननं हात जोडले. "पूजा पावली! बघा, वैनी खूश झाली. नवं बोलाय लागली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसत होते, माझ्याही अंगावर गोड काटा आला. माणसाला काय वाटेल ते वाटतं, त्याला वाटायला काही लागत नाही.

चाचांनी स्क्रूड्रायव्हरशिवायच डोळे मिटून ते दोनदा ऐकलं आणि वहीत लिहिलं. तारीख. "वाक्य बारावं. पूजेनंतर सुरू. अर्थ –" आणि पुढं प्रश्नचिन्ह.

दुपारी डबा उघडायच्या आधीच म्हणाले, "ताई, सूर बरा न्हाय. खूश झालेला माणूस असं बोलत न्हाय."

"म्हणजे कसं?"

"शेजारीण दारात येऊन सांगती बघ, तुमचं पोरगं आडाकडं गेलंय. तसं. आवाज मऊच, पर पाठीमागं घाई."

मी ॲपमधली धड्यांची यादी खाली सरकवली. कारखान्यातले शब्द साठाव्या धड्यात होते. चाचा म्हणाले, तोच उघड. पण आमच्या देखण्या ॲपला कुलूप होतं. आधीचे पुरे केल्याशिवाय पुढचे उघडत नसत. एरवी चाचांना ही शिस्त फार आवडायची. त्या दिवशी ते स्क्रीनवर बोट आपटत राहिले.

"उघडंना व्हय? मग ते पिवळं बघूया का? ते मजुरांचं?"

आणि मी म्हणाले, "चाचा, त्या भंगारात कुठं शोधत बसायचं? रोज दोन-दोन धडे करू. महिन्याच्या आत होतंय."

असं म्हणाले मी. डबा खात खात. चाचांनी वहीत मागं जाऊन काहीतरी लिहिलं आणि मग चोविसावा धडा काढला.

दिवाळीच्या ऑर्डरींमुळं रविवारीही काम असायचं. रोज दोन-दोन धडे. सफरचंदं किती हवीत. माझ्या घरी चार माणसं आहेत. आज हवा छान आहे. चाचांचं जेवणात लक्ष नसायचं. वैनी रोज सकाळी तेच बोलायची आणि पैलवान रोज तिला म्हणायचा, "व्हय वैनी, कळलं, कळलं."

दिवाळी तीन-चार दिवसांवर आली होती. आमचे पंचावन्न धडे झाले होते. सकाळची वेळ. मी माप घेत होते आणि प्रेसचा ठोका वेगळा वाजला. रोज शेकडो वेळा ऐकलेला ठोका वेगळा वाजला की तो कानाला नाही, पोटाला कळतो. मग कुणीतरी ओरडलं, आणि एकेक मशीन बंद होत गेली.

डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, तुकडा अडकला होता. पैलवाननं तो काढायला हात घातला, आणि पाय पेडलवर होता. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी असं व्हायचं, आणि आजवर दर वेळी प्रेस हात बघून थांबली होती. त्या दिवशी ती थांबली नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा राहिला. तो ओरडलाही नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, आमच्या घरात सांगू नका." मी त्याच्याच गावची म्हणून.

चाचांनी डोक्याचा रुमाल सोडून त्याचं मनगट आवळलं आणि मालकांच्या गाडीत घातलं. गाडी गेली. शॉप मोकळं झालं, माणसं बाहेर नळाकडं जाऊन बसली. कॉम्प्रेसर बंद, भट्टीचा पंखा बंद. मी त्या शेडमध्ये इतकी शांतता कधी ऐकली नव्हती. चाचा प्रेससमोर उभे होते, हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी कोपरानंच प्रेस चालू केली.

वैनी बोलली. पहिल्यांदाच तिचा आवाज शेडभर स्वच्छ ऐकू आला.

"ताई," चाचा म्हणाले, "आता लाव मोबाईल."

मी लावला. मोबाईलनं या वेळी मावशीची छत्री दिली नाही. मी वाचून दाखवलं, "सुरक्षा यंत्रणा बंद केलेली आहे. काम सुरू करण्याआधी तपासून घ्या."

चाचांनी पाण्यानं हात धुतले, पुसले, वही काढली आणि बाराव्या वाक्यापुढचं प्रश्नचिन्ह खोडून तिथं ते लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं. मग ते तिथंच जमिनीवर बसले.

नंतर पुण्याहून अशा प्रेसचा जाणकार आला, त्यानं दाखवलं. चावी परत फिरवल्यावर मागच्या बाजूचं एक काळं बटण दाबावं लागतं, तोवर पडदा झोपलेलाच असतो. खांबांवरचे दिवे नुसते वीज आल्याचे.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी चाचा आणि मी दवाखान्यात गेलो. पैलवान उशाला टेकून बसला होता, हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. चाचांनी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "चाचा, ते नवं काय म्हणत हुती वो वैनी? कळलं का?"

चाचांनी सांगितलं. एक शब्द वर नाही, एक खाली नाही. चावी आपण फिरवली हेही सांगितलं, आणि काठी घालून बघितली नाही हेही.

पैलवान म्हणाला, "म्हंजे सांगत हुती की बिचारी. रोज सांगत हुती. आन मी कळलं कळलं म्हणत हुतो."

चाचा त्याच्या पायाशी बसून रडले. मी चाचांना रडताना तेवढंच एकदा बघितलं.

चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा मालकांचा कागद तयार होता. कामगारानं चालत्या मशीनमध्ये हात घातला, चूक कामगाराची. हे टिकलं असतं, तर पैलवानची बोटं गेलीच होती, हक्काची भरपाईही गेली असती. कागदावर सही करायला चाचांना बोलावलं. चाचांनी सही केली नाही, वही दिली. "ह्यात तारीख हाय साहेब. चावी कवा फिरवली, वाक्य कवा सुरू झालं. मशीननं सतरा दिवस वॉर्निंग दिली. मला समजली न्हाय. पैलवानाची चूक न्हाय, माजी हाय." साहेबांनी विचारलं, कुणी सांगितलं म्हणून फिरवली? चाचांनी मालकांकडं बघितलं आणि म्हणाले, "हात माजाच हुता."

मग साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" माझ्या सतरा टिका त्यांच्यासमोरच्या फायलीत होत्या. त्यांनी त्या बघितल्या, दिवे लागलेले होते का विचारलं, मी हो म्हणाले. बाकी काही सांगायचंय? मी म्हणाले, नाही.

मालकांनी चाचांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बत्तीस वर्षांची नोकरी. चाचांनी सगळ्या मशीनांना हात लावून सलाम केला, वैनीलाही. तिला जरा जास्त वेळ.

महिनाभरानं मला राहवेना. मंगळवार पेठेत त्यांचं घर शोधत गेले. चाचा ओट्यावर बसून कुणाचं तरी मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होते. सुनेनं चहा दिला. ती आत गेल्यावर मी सगळं ओकून टाकलं. पिवळं नको म्हणाले ती मी. दोनदा नको म्हणाले. तारेबिरे सगळं खोटं, मला जेवायला सोबत हवी होती म्हणून इंग्रजीतलं घ्यायला लावलं. आणि साहेबांसमोर गप्प बसले.

चाचांनी भांड्याचं पातं पुसून बाजूला ठेवलं.

"ते मला तवाच कळलंतं," ते म्हणाले. "मला बी कुठं कोण हुतं जेवायला?"

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"एका चुकीला एक मालक पुरं हुतोय ताई."

ते उठून आत गेले आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आले. "वही साहेबास्नी दिली. हे त्येंच्या कामाचं न्हवतं, तुझं तू ठेव." वहीचं पान होतं, शिवणीजवळून हळूच फाडलेलं, एक धागाही न ओढता. मी ते तिथं उघडलं नाही. स्कूटीवर बसून गल्लीच्या तोंडाशी आल्यावर उघडलं.

तीन रकाने आखलेले. पहिल्यात, "खार. वाजंत्री फार. नको." दुसऱ्यात, "आवाज वैनीसारखा. बोलणं अदबीचं. इंग्रजी. ताई शिकवतील." तिसऱ्यात, "थांबा. हात काढा. धोका. बोलणं उद्धट. हिंदी आहे, मला वाचता येतं. ताई नको म्हणाल्या." त्याखाली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, आणि परत, "ताई नको म्हणाल्या."

गेल्या वर्षी चाचा गेले. पैलवान गावात चहाची टपरी चालवतो, डाव्या हातानं कप देतो, आणि मी दिसले की अजून "कामसाहामनिदा" म्हणतो. मी तिथंच नोकरी करते. रोज सकाळी वैनीच्या पडद्यात काठी घालते, मगच टिक करते. ते पिवळं ॲप मी कधीच उघडून बघितलं नाही. गरजच नाही. त्या पानाच्या तळाशी, तिसऱ्या रकान्यात, दवाखान्यातून आल्यानंतरच्या तारखेनं, चाचांनी पेन्सिलीनं एक ओळ लिहून ठेवली आहे. "आन्जन जांगची. धडा तिसरा, वाक्य चौथं." म्हणजे त्यांनी घरी बसून ते शोधून काढलं होतं, आणि मग चौकशीला जाण्याआधी पान फाडलं होतं.